‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’ (१९९२) : फ्रेश लीड कुणाला मिळते?

पाऊसवेडा | शनिवार, रात्री ११:५२

आधीच सांगतो, खाली सगळी कथा फोडली आहे. सिनेमा तीस वर्षांहून जुना आहे, तरी ज्यांना कोऱ्या पाटीने बघायचाय त्यांनी इथूनच मागे फिरावं.

काल तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा लावला तेव्हा मी स्वतः सेल्समध्ये होतो आणि अर्ध्यात बंद केला होता. झेपलाच नाही. घरी येऊन पुन्हा ऑफिसच बघायचं म्हणजे काय!

गोष्ट एवढीशी. न्यूयॉर्कमधलं जमिनी विकणारं कळकट ऑफिस, चार सेल्समन (लेव्हीन, रोमा, मॉस, ॲरोनाव), एक मॅनेजर, बाहेर धो धो पाऊस, समोर लाल दिव्यांचं चिनी हॉटेल. विकायच्या जमिनी लांब कुठेतरी फ्लोरिडा-ॲरिझोनाकडे. गिऱ्हाइकाने त्या पाहिलेल्या नसतात आणि बहुधा कधी पाहणारही नसतो. एका संध्याकाळी वरून ब्लेक नावाचा माणूस येतो आणि महिन्याची स्पर्धा जाहीर करतो. पहिल्याला कॅडिलॅक एल्डोराडो, दुसऱ्याला स्टेक कापायच्या सुऱ्यांचा सेट, तिसऱ्याला नारळ. चौघांत दोन बक्षिसं, म्हणजे उरलेल्या दोघांची बॅग भरलेलीच.

ब्लेक जेमतेम सात-आठ मिनिटं पडद्यावर आहे. ॲलेक बाल्डविन नंतर अख्ख्या सिनेमात दिसत नाही. डेव्हिड मॅमेटच्या मूळ नाटकात हे पात्र नाहीच, पटकथा लिहिताना त्याने ते घातलं. पण सिनेमाचं नाव काढलं की लोकांना तेवढंच आठवतं. म्हातारा लेव्हीन कॉफी ओतून घेत असतो, त्याला ब्लेक कप खाली ठेवायला लावतो. कॉफी डील क्लोज करणाऱ्यांसाठी असते म्हणे.

ही क्लिप आम्हाला ट्रेनिंगमध्ये दाखवली होती. बाणेरच्या एका हॉटेलचा तळघरातला हॉल, आम्ही तीसेक पोरं, गळ्यात नवे कोरे टाय. क्लिप संपली आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दाखवणाऱ्या साहेबांनी पुढचा दीड तास पाहिला होता का, हे विचारायचं राहूनच गेलं.

मला विचाराल तर सगळा सिनेमा कार्डांच्या त्या गठ्ठ्यात आहे. लीड म्हणजे संभाव्य गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन. ब्लेक ‘ग्लेनगॅरी’च्या ताज्या लीड घेऊन येतो, सगळ्यांना लांबून दाखवतो आणि मॅनेजर विल्यमसनच्या हवाली करतो. या फक्त क्लोजरना. बाकीच्यांनी जुन्या लीड चघळत बसायचं, ज्यांना आधीच दहा जणांनी फोन करून पिडलंय. चांगली लीड हवी तर विक्री दाखवा, आणि विक्री दाखवायची तर चांगली लीड हवी. आता फिरा गोल गोल.

मग लेव्हीन विल्यमसनला गाठतो आणि चोरून लीड मागतो. विल्यमसन भाव सांगतो: कमिशनमधले वीस टक्के, शिवाय लीडमागे पन्नास डॉलर, आधी हातात. लेव्हीनच्या खिशात तीस निघतात. दिवसभर लोकांच्या गळ्यात न पाहिलेली जमीन मारणारा माणूस संध्याकाळी न पाहिलेली लीड विकत घ्यायला निघालाय आणि टोकनपुरतेही पैसे जवळ नाहीत! या दृश्याला मी काल परत परत मागे नेलं.

मॅमेट १९६९ च्या सुमारास शिकागोत अशाच एका ऑफिसात नोकरीला होता. काम कोणतं, तर लीड वाटायचं. म्हणजे विल्यमसनचं. हे कळल्यापासून सिनेमा जास्तच बोचतो.

तुमचे अनुभव लिहा. सेल्समधले असाल तर नक्कीच.

तिखटमीठ | रविवार, सकाळी ८:१०

जॅक लेमन, म्हणजेच आपला लेव्हीन!!!

बाकी कुणाचं काही म्हणणं असो, हा सिनेमा त्या माणसाचा आहे. व्हेनिसला त्या वर्षी सर्वोत्तम अभिनेत्याचा मान त्यालाच मिळाला. ऑस्करवाल्यांनी मात्र नामांकन दिलं ते रोमा झालेल्या अल पचिनोला, सहायक भूमिकेसाठी. (आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका सिनेमासाठी पचिनोला मुख्य भूमिकेचं ऑस्कर मिळालं. एकाच माणसावर किती उधळायचं?)

लेव्हीन टेलिफोन बूथमधून फोन करतो ते बघा. शेजारी कुणी नाही, तरी ‘ग्रेस’ नावाच्या सेक्रेटरीला सूचना देतोय, विमानाचं तिकीट बघ म्हणून. म्हणजे फोनवरच्याला वाटावं की केवढा बडा साहेब. आणि पुढच्याच क्षणी हॉस्पिटलला फोन, तिथे मुलगी ॲडमिट आहे. आवाज असा काही उतरतो की मला वाटलं डबिंग बदललं.

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

खडूसराव | रविवार, सकाळी ९:३५

सिनेमा उत्तम, लेखही बरा. पण हा गळेकाढू सूर मला पटत नाही.

मी ३१ वर्षं इंडस्ट्रियल पंप विकले. टार्गेट नसतं तर आम्ही निम्मे लोक सकाळी अकराला घरून निघालो असतो. ब्लेक उद्धट आहे, मान्य. पण तो खोटं काय बोलतो? विकायला आलात, विका. नाही जमत, दुसरं काम बघा. आमची आजी म्हणायची, बोलणाऱ्याचा कोंडाही खपतो, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. मॉस आणि ॲरोनाव तासभर हॉटेलात बसून लीड वाईट, कंपनी वाईट, देश वाईट करत बसतात. तेवढ्या वेळात चार फोन झाले असते.

आणि लेव्हीनला कुणी चोरी करायला सांगितलं होतं? ऑफिस फोडून लीड पळवल्या आणि दुसऱ्या धंदेवाल्याला विकल्या. पाच हजार डॉलर आले, ते मॉससोबत वाटून घेतले. याला बिचारा म्हणायचं?

पाऊसवेडा | रविवार, सकाळी ९:५८

काका, तुमच्या पंपात पाणी चढत होतं. यांच्या जमिनीत काय आहे?

खडूसराव | रविवार, सकाळी १०:०४

हा मुद्दा आहे. चहा घेऊन येतो.

एसटी_थांबा | रविवार, दुपारी १:२०

मी एमआर (औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी) होतो, लातूर हेडक्वार्टर, अकरा वर्षं. बीड, अंबाजोगाई, उदगीर, निलंगा अशी टेरिटरी. बॅग, टाय, एसटी आणि डॉक्टरच्या ओपीडीबाहेरचा बाक.

ब्लेकच्या तोंडी ते सतत क्लोज करत राहा असं आहे ना, ते ऐकून मला वेगळंच हसू आलं. आमच्याकडे ‘क्लोजिंग’ म्हणजे महिनाअखेर. पंचवीस तारीख उलटली की मॅनेजरचा फोन, “क्लोजिंग किती देतोस?” आता औषध डॉक्टर लिहिणार, पेशंट घेणार. मी कुठून देऊ? तर स्टॉकिस्टकडून. कंपनीकडून स्टॉकिस्टकडे माल गेला की ती प्रायमरी, तिथून केमिस्टकडे गेला की सेकंडरी. कागदावर टार्गेट प्रायमरीचं मोजतात. म्हणून सगळे एमआर महिनाअखेरीला स्टॉकिस्टच्या पाया पडतात. शेठ, पाच पेट्या घ्या, पुढच्या महिन्यात मी काढून देतो. यालाच डंपिंग म्हणतात. न खपलेला माल वर्षा-दीड वर्षाने एक्स्पायरी होऊन परत येतो आणि आपल्याच विक्रीतून वजा होतो. तोवर मॅनेजरची बदली झालेली असते.

एका ३१ मार्चला रात्री साडेआठला गंजगोलाईमागच्या एका स्टॉकिस्टकडे गेलो. शटर अर्धं खाली. कफ सिरपच्या बारा पेट्या बाकी होत्या माझ्या. शेठ काही बोलले नाहीत, मला आत गोडाऊनमध्ये घेऊन गेले. तिथे त्यांचा पोऱ्या एका पेटीवर बसून डबा खात होता. दुसरी पेटी माझ्याकडे सरकवली आणि बस म्हणाले. बसता बसता पाहिलं तर पेटीवर स्केचपेनने माझ्याच अक्षरात तारीख. मागच्या मार्चची.

चहा पाजला त्यांनी. वर सात पेट्याही घेतल्या.

खडूसकाका, राग मानू नका, पण ‘नाही जमत तर दुसरं काम बघा’ हे आम्हालाही सांगायचे. सांगणारे सगळे माझ्याआधी त्याच पेटीवर बसलेले होते. आमच्यासाठी १९७६ चा सेल्स प्रमोशन एम्प्लॉईजचा कायदा तरी होता, युनियनही होती. लेव्हीनकडे काय होतं? बोर्डावर खडूने लिहिलेलं नाव, तेही पुसता येणारं.

तिखटमीठ | रविवार, दुपारी १:४४

एसटी_थांबा, दंडवत.

झुळूक_एडिसन | रविवार, दुपारी ४:१५

इकडे न्यू जर्सीत सकाळ आहे, कॉफी घेत वाचतेय (मी काहीही क्लोज केलेलं नाही, तरी पितेय).

मी २०२५ मध्ये हे नाटक ब्रॉडवेला पाहिलं. बॉब ओडेनकर्क लेव्हीन, कीरन कल्किन रोमा, बिल बर मॉस. तिकिटाच्या भावात एखादी सुरी नक्की आली असती. नाटकाचा इतिहासही मजेशीर आहे. अमेरिकन माणसाचं, शिकागोवरचं नाटक, पण पहिला प्रयोग झाला लंडनच्या नॅशनल थिएटरला, सप्टेंबर १९८३ मध्ये. मॅमेटला खात्री नव्हती म्हणून त्याने ते ब्रिटिश नाटककार हॅरॉल्ड पिंटरला वाचायला पाठवलं होतं आणि पिंटरने ते तिकडे पोचवलं. पुलित्झर मिळालं १९८४ ला. मुळात शिकागो असलेलं गाव सिनेमात न्यूयॉर्क झालं. २०१२ च्या ब्रॉडवे प्रयोगात तर स्वतः पचिनो लेव्हीन झाला होता, वीस वर्षांपूर्वीचा रोमा! त्या धंद्यात तरुण रोमाचं पुढे काय होतं याचं याहून सरळ उत्तर नसेल.

मला लिहायचंय ते पटेलबद्दल. रोमाला एक लीड मिळते, कार्डावर नाव पटेल. तो भडकतो. भारतीयांना काही विकता येत नाही, त्यांना सेल्समनशी नुसतं बोलायला आवडतं, असा सूर आणि सोबत वांशिक शिव्या. मॉसही आधी तेच बोलून गेलेला असतो. आमच्या घरी नवऱ्यासोबत पाहताना या जागी दोघंही हसलो आणि मग जरा गप्प झालो. शिवी लागली, पण निरीक्षण… आमचे सासरे इथे आले होते तेव्हा गालिचेवाल्याकडे पावणेदोन तास बसून, दोनदा चहा पिऊन, “विचार करून कळवतो” म्हणून उठले होते.

गंमत अशी की ज्या पटेलला हे लोक निकामी समजत होते त्याच्या भाऊबंदांनी अमेरिकेत जमिनी घेतल्याच, आणि वर मोटेलंही बांधली. आज इथल्या मोटेलांचा मोठा हिस्सा गुजराती मंडळींकडे आहे. रोमाकडून घेतली नाही इतकंच.

खडूसराव | रविवार, संध्याकाळी ५:०२

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

नकाशेवाला | रविवार, संध्याकाळी ६:३०

जमिनीचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर.

सिनेमात ‘रिओ रँचो’ हे नाव कानावर पडतं. ते खरं गाव आहे, न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीला लागून. १९६१ साली न्यूयॉर्कच्या एका कंपनीने तिथे ५५,००० एकर माळरान घेतलं आणि अर्ध्या-एक एकराचे तुकडे पाडून पूर्वेकडच्या थंडीत राहणाऱ्या लोकांना विकलं. फुकट जेवणाला बोलवायचं, जेवताना फिल्म दाखवायची, आणि गोड खाईपर्यंत सही. बऱ्याच जणांनी जागा न पाहता घेतली. एवढी प्रकरणं झाली की १९६८ मध्ये अमेरिकेला राज्याबाहेरच्या जमीनविक्रीवर वेगळा कायदा करावा लागला. रिओ रँचोच्या कंपनीवर खटला चालून १९७७ ला फसवणुकीची शिक्षाही झाली.

आता पुढचं ऐका. १९८० मध्ये इंटेल तिथे आली. २०२० च्या जनगणनेत रिओ रँचोची लोकसंख्या एक लाखाच्या वर आहे आणि राज्यातलं ते तिसरं मोठं शहर आहे. ज्यांनी फसून घेतली त्यांच्यातल्या काहींच्या नातवंडांचं भलं झालं असणार. बाकीचे तुकडे अजून झुडपांत पडलेत, रस्ते फक्त नकाशावर आहेत.

आपल्याकडचं ‘सेकंड होम’ वेगळं सांगायला नको. रविवारची एसी बस, नाश्ता, जेवण, डोंगराच्या पायथ्याशी चुन्याच्या रेघा. सातबारा मागितला की “साहेब, प्रोसेसमध्ये आहे.” महारेरा २०१७ पासून आहे, ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटिंगला नोंदणी लागते, तर नंबर मागा आणि साइटवर टाकून बघा. जेवण मात्र करून या, चांगलं असतं.

दुपारचा_चहा | रविवार, रात्री ९:१७

मला लेव्हीनपेक्षा नायबोर्ग नवरा-बायकोबद्दल लिहायचंय. त्यांच्यावर कुणी बोलतच नाही.

लेव्हीन सकाळी ऑफिसात येतो तो नाचतच. आठ युनिट विकलेत, ८२,००० डॉलर. कसं विकलं ते रोमाला रंगवून सांगतो. त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो, करार पुढे ठेवला, पेन दिलं आणि गप्प बसलो. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे बावीस मिनिटं. मग दोघांनी सही केली. बाईंनी केक दिला, तो विकतचा होता हेही सांगतो. शेवटी कळतं की सगळ्या ऑफिसला ते दोघं माहीत आहेत. डोक्याने जरा सरकलेले, खिशात दमडी नाही, सेल्समन आले की बरं वाटतं म्हणून बोलवतात. चेक वटणारच नव्हता.

माझे बाबा विम्याचं काम करायचे. साताऱ्यात, स्कूटरवर, संध्याकाळी सहा ते नऊ. त्यांच्या डायरीत एक आडनाव दर वर्षी फेब्रुवारीत असायचं. निवृत्त शिक्षक, यादोगोपाळ पेठेत एकटे राहायचे. करबचतीचं विचारायचंय म्हणून निरोप धाडायचे. बाबा जायचे. मी लहानपणी दोनदा सोबत गेले आहे. गुरुजी शिरा करायचे, त्यात बेदाणे फार. मग दोन तास १९५६ च्या पुराच्या गोष्टी, हेडमास्तरच्या गोष्टी. पॉलिसीचं वय त्यांचं केव्हाच टळलं होतं. ते बाबांना माहीत होतं आणि त्यांनाही.

सिनेमा पाहिल्यावर मी बाबांना विचारलं, तुम्ही का जायचात? टार्गेट तर तुम्हालाही होतं. ते म्हणाले, “मार्चमध्ये कुणी दारात उभं करत नाही गं. तिथे खुर्ची मिळायची.”

एसटी_थांबा | रविवार, रात्री ९:२५

…

खडूसराव | रविवार, रात्री ९:४१

सकाळपासून विचार करतोय. ‘बिचारा’वरून मी जे बोललो ते अर्धं मागे घेतो.

लेव्हीन सापडतो कसा ते आठवा. पचिनो गिऱ्हाइकाला, त्या लिंकला, सांगत असतो की तुझा करार अजून पुढे गेलाच नाही, काळजी करू नको. तेवढ्यात विल्यमसन बाहेर येतो आणि मदत करतोय असं समजून म्हणतो की काल रात्रीच बँकेत गेला. लिंक पळतो. पचिनो विल्यमसनला फाडून खातो. तो गेल्यावर लेव्हीनलाही चेव येतो. सकाळी ८२,००० विकलेत ना! बोल बोल बोलतो आणि त्या भरात म्हणतो, थाप मारायचीच तर कामाची मारावी. विल्यमसन शांतपणे विचारतो, थाप होती हे तुला कसं कळलं? करार रोज रात्री बँकेत जातात. नेमका काल रात्री तो टेबलावर राहिला होता. हे फक्त ऑफिस फोडणाऱ्यालाच माहीत.

तोंडावर पोट असलेला माणूस, तोंडानेच गेला. आमच्या धंद्यात मी असे दोन पाहिलेत. दोघं उत्तम विकायचे. कुठे थांबायचं ते बावीस मिनिटं गप्प बसताना कळायचं, एरवी नाही.

पाण्याचा पंप विकणं आणि हे, यात फरक आहे. ते मान्य. टार्गेटचं मात्र मान्य नाही.

पाऊसवेडा | सोमवार, रात्री १२:१५

काका, अर्धं तर अर्धं.

लिंकचा विषय काढलात म्हणून माझी गोष्ट. मी हॉलिडे मेंबरशिप विकायचो, पुण्यात. मॉलमध्ये किंवा पेट्रोलपंपावर कूपन भरून घ्यायचं, चार दिवसांनी फोन, “अभिनंदन, तुम्हाला गिफ्ट लागलंय, फक्त येऊन घेऊन जा.” अट एकच: नवरा-बायको दोघांनी यायचं. एकटा नवरा आला तर गिफ्ट नाही, हॉलमध्ये प्रवेश नाही. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय कौटुंबिक कंपनी आहे!

कारण सिनेमात आहे. रोमा हा त्या ऑफिसातला सगळ्यात तयारीचा गडी. बोर्डावर पहिला, कॅडिलॅक जवळपास त्याचीच. चिनी हॉटेलात अनोळखी लिंकशी आयुष्य, पाप, एकटेपणा असं काहीबाही बोलत राहतो आणि हळूच नकाशा पुढे सरकवतो. जमिनीचं नावही आधी काढत नाही. लिंक सही करतो. दुसऱ्या दिवशी तो धापा टाकत ऑफिसात येतो, कारण बायकोने कुठेतरी फोन करून विचारलंय आणि कायद्याने तीन दिवसांत करार मोडता येतो.

त्याला येताना पाहून रोमा लेव्हीनला म्हणतो, तू गिऱ्हाईक हो. दोन सेकंदांत लेव्हीन अमेरिकन एक्स्प्रेसचा युरोपातला बडा अधिकारी झालेला असतो, विमान पकडायची घाई असलेला. काय जुगलबंदी आहे! दोघांनी एकमेकांना एक शब्द ठरवून दिलाय, तो उच्चारला की उठायचं. अख्ख्या सिनेमात लेव्हीन खरा सुखी दिसतो तो इथे. आपलं काम त्याला येतं, आणि येतं हे बघणारं कुणीतरी शेजारी आहे.

आणि तरी सौदा फिसकटतो. ती बायको एकदाही पडद्यावर येत नाही. तिचा आवाजही नाही. पचिनो, लेमन दोघं मिळून तिच्यापुढे टिकत नाहीत.

म्हणून आमच्याकडे दोघांना बोलवायचे. “घरी विचारून सांगतो” हे वाक्यच हॉलमध्ये शिल्लक ठेवायचं नाही. मोठ्याने गाणी, दर विक्रीला घंटा, सगळ्यांनी टाळ्या. एकदा चिंचवडच्या एका बाई सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, “घंटा वाजली तेव्हा त्या टेबलावरच्या दोघांचे चेहरे बघितलेत का तुम्ही?” मी मागे वळून पाहिलं. ती माझी शेवटून दुसरी शिफ्ट होती.

तिखटमीठ | सोमवार, सकाळी ७:५०

अख्ख्या सिनेमात बाई जवळपास नाहीच हे लक्षात आलं होतं. पण जी नाही तीच जिंकते, हे नव्हतं आलं. पुन्हा बघणार.

नवीन वाचकांसाठी: शिव्या प्रचंड आहेत. सासूबाईंसोबत बघू नका. मी बघितलाय. त्यांनी लेव्हीनसाठी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, “शिव्या सोड, आपला बंड्या पण हेच करतो ना?”

दुपारचा_चहा | सोमवार, सकाळी ८:२०

तीन दिवसांवरून: विम्याला आपल्याकडेही फ्री-लूक असतो, म्हणजे घेतलेली पॉलिसी परत करायची मुदत. पूर्वी बहुतेक पॉलिसींना १५ दिवस होता, २०२४ पासून ३० केलाय. बाबा पॉलिसीचे कागद द्यायला जायचे तेव्हा हे स्वतःहून सांगायचे. त्यांचे साहेब वैतागायचे.

बंड्या_वाकड | सोमवार, दुपारी २:०५

तिखटमीठ वहिनी, मी वाचतोय बरं का.

तर मी बंड्या. वाकडला एका प्रोजेक्टवर क्लोजिंग मॅनेजर. हो, हुद्द्याचं नावच ते आहे, कार्डावर छापलंय. आमच्यात प्री-सेल्स फोन करतं, सोर्सिंगवाले ब्रोकर सांभाळतात आणि वॉक-इन आलं की आम्ही क्लोज करायचं.

तुमच्या सिनेमात कार्डं आहेत, आमच्याकडे ॲप आहे. लीड कुणी वाटत नाही, आपोआप पडते. साहेब म्हणतात बघा, किती फेअर, कुणाची मध्यस्थी नाही. ॲप बघतं कुणाचं कन्व्हर्जन (मिळालेल्या लीडपैकी झालेले सौदे) किती टक्के, आणि त्या हिशेबाने फ्रेश लीड देतं. मागच्या महिन्यात आई आजारी म्हणून मी नऊ दिवस रजेवर होतो. टक्का खाली आला. तेव्हापासून माझ्या स्क्रीनवर काय पडतं ते विचारू नका. विल्यमसनला निदान तीस डॉलर दाखवता येत होते, ॲपला काय दाखवू?

कॉफीचं म्हणाल तर आमच्याकडे मशीन आहे, सगळ्यांना फुकट. सेल्स लाउंजमध्ये गिऱ्हाईक असेल तर मात्र आम्ही त्याच्यासमोर प्यायची नाही, एवढाच नियम.

पाऊसवेडा | सोमवार, दुपारी २:३०

बंड्या, विचारतोच. काय पडतं स्क्रीनवर?

बंड्या_वाकड | बुधवार, रात्री १०:४८

उशिराबद्दल सॉरी, २८ तारीख आहे.

२०१९ चा डेटा पडतो दादा. आज त्यातल्या एका काकूंना फोन लावला. टू-बीएचके बघताय का म्हटलं. त्या म्हणाल्या, “अरे, मी तुमच्याच बिल्डिंगमध्ये राहते, बी विंग, सातवा मजला. लिफ्ट तीन आठवडे बंद आहे, ती कधी सुरू होणार?” मला काय माहीत. तरी पंचवीस मिनिटं बोललो. त्यांचे गुडघे, मुलगा बेंगळुरूला, पाणी सकाळी किती वाजता येतं.

ॲपमध्ये फोन कट केल्यावर रिमार्क टाकल्याशिवाय पुढची लीड उघडत नाही. ‘इंटरेस्टेड’ टाकलं.